कॉम पोर्ट दिसला म्हणजे मशीन सापडले असे नव्हे

नमस्कार. यूएसबीच्या मागच्या व्हिडिओखाली अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला आहे: विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट (म्हणजे सिरियल पोर्ट, जिथून डेटा एकेक बिट करून जातो) व्यवस्थित दिसतो, तरी सीएनसी मशीनकडे, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्राकडे, प्रोग्रॅम का जात नाही? हा प्रश्न मुख्यतः भोसरी आणि चाकणच्या वर्कशॉपमधून येतो, आणि तिथे त्यापायी कामाचे तासन्‌तास वाया जातात, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

आधी संगणकाला एखादी गोष्ट 'दिसते' म्हणजे काय, ते पाहू. लॅपटॉपच्या कडेला असलेली खाच ऑपरेटिंग सिस्टिमला कधीच दिसत नाही; तिला दिसतो तो त्या खाचेमागचा कंट्रोलर, म्हणजे ती खाच चालवणारी चिप. पीसीआय बसवरच्या, म्हणजे संगणकाच्या आतले भाग जोडणाऱ्या मार्गावरच्या, जागा तपासताना उत्पादकाचा क्रमांक वाचला जातो, आणि सोळाही बिट 1 आले तर तिथे काही नाही असे समजतात. जे असे सापडत नाही, त्याची नोंद फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) एसीपीआय नावाच्या ठरावीक तक्त्यांतून पुरवते.

यूएसबीचे उपकरण मात्र स्वतः वर्दी देते. पोर्टच्या बाजूला दोन्ही डेटा तारा 15 किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला जोडलेल्या असतात. 12 मेगाबिट वेगाचे उपकरण लावले, की त्यातला दीड किलोओहमचा रेझिस्टर डी प्लस नावाच्या डेटा तारेचे व्होल्टेज वर खेचतो आणि कोणीतरी आल्याचे कंट्रोलरला कळते. मग पोर्ट रीसेट होतो, उपकरण शून्य पत्त्यावर उत्तर देते, त्याला 1 ते 127 मधला एक पत्ता मिळतो, आणि 18 बाइटच्या वर्णनातले उत्पादक व उत्पादन क्रमांक पाहून ड्रायव्हर निवडला जातो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, केबल घेताना ती डेटाची आहे ना, हे आवर्जून विचारा, कारण केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये या डेटा ताराच नसतात.

आता मूळ मुद्दा. आरएस-232 मध्ये, म्हणजे मशीनशी सिरियल केबलने बोलण्याच्या जुन्या पद्धतीत, पलीकडच्या मशीनने स्वतःची ओळख सांगण्याची सोयच नाही. जुन्या संगणकात कॉम 1 चा पत्ता सहसा 3एफ8 (हेक्साडेसिमल) असतो. तिथल्या रजिस्टरमध्ये आकडा लिहून तोच परत वाचता आला, तर सिरियल चिप आहे एवढेच सिद्ध होते. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर (यूएसबीच्या खाचेला सिरियल केबल जोडू देणारे उपकरण) लावल्यावर जो कॉम पोर्ट उगवतो, तो कन्व्हर्टरमधल्या चिपचा असतो, मशीनचा नव्हे. मशीनची केबल काढून पाहा: यादीतला पोर्ट जागचा हलणार नाही.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथपाशी मी स्वतः अर्धा दिवस याच समजुतीत घालवला. कॉम 4 समोर दिसत होता, म्हणून मी दोनदा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. शेवटी तिथल्या ऑपरेटर काकांनी कनेक्टरचे कव्हर उघडले, तेव्हा आतली पांढरी तार दोन्ही टोकांना 2 क्रमांकाच्याच पिनला डाग दिलेली आढळली. त्या मशीनसाठी 2 आणि 3 एकमेकांना उलट जोडायला हव्या होत्या. संगणकाने खोटे काहीच सांगितले नव्हते. त्याने जे सांगितलेच नव्हते, ते मी गृहीत धरले होते.

"काल कॉम 4 होता, आज कॉम 7 कसा झाला?" असेही एका प्रेक्षकाने विचारले आहे. अनेक स्वस्त कन्व्हर्टरमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे ते दुसऱ्या खाचेत लावले की विंडोज त्यांना नवे समजून नवा क्रमांक देते. तेव्हा कन्व्हर्टर ठरलेल्या खाचेतच लावा, आणि त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी एक चाचणी करा. मशीनची केबल काढा, कन्व्हर्टरच्या नऊ पिनांपैकी 2 (डेटा घेणारी) आणि 3 (डेटा पाठवणारी) तारेच्या तुकड्याने जोडा, टर्मिनल प्रोग्रॅममध्ये फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याचे इशारे) आणि लोकल एको (टाइप केलेले प्रोग्रॅमनेच पडद्यावर दाखवणे) दोन्ही बंद करा आणि काहीतरी टाइप करा. अक्षरे पडद्यावर उमटली, तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. मग लॅपटॉप बाजूला ठेवा आणि केबलचे दुसरे टोक उघडा.