लावणी, ताप आणि पोटऱ्या

नमस्कार श्रोतेहो. सिंधुदुर्गात भाताची लावणी जोरात आहे, म्हणून आज लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप. उंदराच्या मुतातून होतो, हे तुम्हाला पाठ आहे. गुरांच्या मुतातूनही होतो, हे आपण सोयीनं विसरतो. असो, गोष्ट ऐका.

बऱ्याच वर्षांपूर्वी असाच आर्द्राचा पाऊस लागला होता. एक शेतकरी मुलाच्या मोटरसायकलवरून दवाखान्यात आला, पाठोपाठ छत्री घेऊन बायको. तीन दिवस ताप. म्हणाला, "लावणीचो शीण हो, जातलो." डोळे बघितले तर लालभडक. मी तेव्हा तरुण, जिभेला हाड नव्हतं. विचारलं, "रात्री जास्त झाली काय?" माणूस ताडकन उठला. "डॉक्टरानु, गळ्यात माळ आसा माझ्या, दिसणा नाय तुमका?" तुळशीची माळ! बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझीच मान खाली. तोंड लपवायला मी खाली वाकलो आणि त्याची पोटरी अंगठ्यानं दाबली. कोयतीचा घाव मुकाट सोसणारा गडी किंचाळला. घोट्याजवळ बांधाच्या दगडानं खरचटलेलं होतं, चिखलानं पांढरं पडलेलं. कालपासून लघवीही कमी झाली होती. लगेच जिल्हा रुग्णालयात पाठवला. मूत्रपिंडाला सूज होती, पण वाचला.

तर ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या. पुन्हा सांगतो, पोटऱ्या. चिखलात उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनीसुद्धा ताप आला, तर अंगदुखीची गोळी खाऊन घरी पडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि शेतात उतरलो होतो हे आपणहून सांगा. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर लेप्टो बरा होतो. उशीर झाला की मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं धरतो.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. गमबूट घाला म्हणतात. ज्यानं ते बनवले त्याला एकदा आमच्या चिखलात लावणीला उतरवायला हवं. पाय वर येतो, बूट खालीच राहतो! तरी घाला. लावणीच्या दिवसांत आठवड्याला एकदा घ्यायची डॉक्सीसायक्लिनची गोळी आरोग्य केंद्रात विचारा. मनानं घेऊ नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना तर परस्पर मुळीच देऊ नका. गोळी घ्यायची ती जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर.

तो माळकरी दर पावसात रविवारी गोळी घेतो. आणि बाजारात मी दिसलो की चारचौघांत विचारतो, "डॉक्टरानु, आज डोळे कसे आसत माझे?"