टेबलाच्या मापाचा मॉनिटर

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे पडद्याबद्दल, आणि तेही रेडिओवर. म्हणजे दाखवता काहीच येणार नाही. पण आजचा पेपर हाताशी असेल तर जरा घ्या. मोठ्या आकाराच्या पेपरचं एक पान सुटं करा, आडवं धरा आणि खालून दोन बोटं दुमडा. पेपरागणिक थोडाफार फरक पडेल, पण हा झाला साधारण २४ इंची मॉनिटर: ५३ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच. आता तो पेपर तुमच्या कामाच्या टेबलावर, भिंतीला टेकवून उभा करा आणि खुर्चीत बसा. एवढं केलंत तर माझं निम्मं भाषण झालंच म्हणायचं. मी मात्र हे न करता खरेदीला गेले होते.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. सोप्या भाषेत, लोकांच्या पुस्तकांतल्या चुका शोधून पोट भरते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये काम घरी आलं ते घरीच राहिलं. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचा एक कोपरा माझ्या वाट्याला आला आणि त्या कोपऱ्यात मुलाचं जुनं अभ्यासाचं टेबल. सुताराकडून करून घेतलेलं, तीन फूट लांब, दीड फूट खोल. त्यावर १४ इंची लॅपटॉप. एका बाजूला मूळ हस्तलिखित, दुसऱ्या बाजूला जुळवलेलं पान, असं उघडायचं म्हटलं की दोन्हीकडची अक्षरं मुंगीएवढी व्हायची. मग एका सेलमध्ये, रात्री साडेबाराला, मी ३२ इंची मॉनिटर मागवला. मोठा आणि स्वस्त. स्वस्त का, हे विचारायचं सुचलं नाही.

तो आला. ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच. तीन फुटी टेबल म्हणजे ९१ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना वीत-वीतसुद्धा उरली नाही. पेनस्टँड गेला खिडकीत, शब्दकोश पलंगावर, पाण्याची बाटली जमिनीवर. नवरा म्हणाला, टेबल किती स्वच्छ दिसतंय! दिसणारच, ठेवायला जागाच कुठे होती? दोन दिवसांत मान धरली. पानाचा डावा कोपरा वाचून उजवा वाचायला जायचं तर टेनिसची मॅच बघितल्यासारखं डोकं फिरवावं लागे.

चूक पडद्याच्या लांबीत नव्हतीच, चूक होती टेबलाच्या खोलीत. आपण सगळे विचारतो, किती इंची घेऊ? खरा प्रश्न आहे, माझे डोळे आणि पडदा यांच्यात अंतर किती राहणार? खुर्चीत नीट टेकून बसा आणि हात सरळ पुढे करा. बोटाची टोकं जिथे पोचतील तिथे किंवा त्याच्या किंचित पलीकडे पडदा हवा. सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर ५० ते ७०. आता हिशेब करा. बहुतेक मॉनिटरच्या स्टँडचा पाय वीतभर खोल असतो. त्यामुळे टेबल भिंतीला चिकटवलं तरी पडदा भिंतीपासून १५-२० सेंटिमीटर पुढेच येतो. दीड फुटी टेबल म्हणजे ४५ सेंटिमीटर. त्यातून हे वजा केलं की पडदा तुमच्या बाजूच्या कडेपासून जेमतेम २५-३० सेंटिमीटरवर. माझे डोळे ३२ इंची पडद्यापासून ४० सेंटिमीटरवर होते. पहिल्या रांगेतल्या तिकिटावर रोज आठ तास सिनेमा!

माझं मत असं बनलं आहे. दीड फूट खोल टेबलाला २४ इंची पुरे, फार हौस असेल तर स्टँडऐवजी टेबलाच्या कडेला बसवायच्या, भिंतीलगत जाणाऱ्या हातावर (आर्मवर) २७. दोन फूट खोल टेबल असेल तर २७ अगदी मापात बसतो. ३२ घ्यायचा तर टेबल अडीच फूट खोल हवं, आणि तेवढं खोल टेबल आपल्या घरांत क्वचितच असतं. २४ वरून २७ म्हणजे फक्त तीन इंच, त्यात काय मोठंसं, असं वाटतं. पण हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. क्षेत्रफळात बघाल तर २७ इंची पडदा सव्वापट मोठा असतो आणि ३२ इंची जवळजवळ पावणेदोनपट.

आता तो स्वस्ताईचा उलगडा. माझा ३२ इंची मॉनिटर फुल एचडी होता. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, सगळे मिळून सुमारे पावणेएकवीस लाख. २४ इंचीतही तेवढेच, २७ मध्येही तेवढेच, ३२ मध्येही तेवढेच. एका भाकरीचं पीठ घेऊन परातीएवढी भाकरी थापायला गेलं तर काय होईल? विरळ होणार, फाटणार. २४ इंचावर दर इंचाला ९२ ठिपके येतात, २७ वर ८२, आणि माझ्या ३२ वर ६९.

इंग्रजी वाचणाऱ्याला हे कदाचित खपून जाईल. देवनागरीला नाही खपत. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, पोटात जोडाक्षर. एवढा संसार तेवढ्याच उंचीत बसवायचा. ठिपके कमी पडले की पहिला बळी जातो अनुस्वाराचा. आणि मराठीत अनुस्वार गेला तर घर आणि घरं यांत फरक उरत नाही. ‘कैऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा र आणि पुढचा य एकमेकांत मिसळतात. माझ्या त्या पडद्यावर अनुस्वार म्हणजे एक राखाडी चौकोन होता; टिंब आहे की पडद्यावरची धूळ, हे बघायला मी बोटाने पुसून पाहायची. मुद्रितशोधकाने!

म्हणून दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. परत द्यायची मुदत उलटून गेली होती, तेव्हा तो ३२ इंची मॉनिटर साताऱ्याला दादाकडे पाठवला. त्याचं टेबल खोल आहे आणि तो त्यावर क्रिकेटच बघतो. खोकं मात्र ठेवून घेतलं. त्याच्या पुठ्ठ्यातून ६० बाय ३४ सेंटिमीटरचा तुकडा कापला. हे २७ इंचीचं माप. चिकटपट्टीने तो भिंतीवर लावला आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून काम केलं. मधल्या काळात नवं टेबल करून घेतलं होतं, दोन फूट खोल, लांबी पूर्वीचीच. घरच्यांनी विचारलं, पुठ्ठ्याकडे बघून काय करतेस? म्हटलं, मॉनिटर वापरतेय.

मग एक पेनड्राइव्ह घेऊन बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपासचा तो इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार पुणेकरांना सांगायला नको. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड तसा आम्हांला हा. पेनड्राइव्हमध्ये माझ्या कामाचंच एक पान होतं, बारीक टाइपातल्या तळटीपांसकट. दुकानात मॉनिटरवर नेहमी लावलेले असतात पोपट, धबधबे आणि फुलं. पोपट कुठल्याही पडद्यावर हिरवाच दिसतो. तुमचं रोजचं काम जे असेल, एक्सेलची शीट असो की नकाशा, ते घेऊन जा आणि लावायला सांगा. काउंटरवरचे काका आधी कुरकुरले, मग स्वतःच चष्मा वर करून वाचायला लागले आणि म्हणाले, मॅडम, या ओळीत एक वेलांटी चुकलीय. बरोबर होतं त्यांचं.

तिथे मला तीन पडदे शेजारी-शेजारी बघता आले, तिन्ही २७ इंची. फुल एचडी, मग क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४०, आणि मग फोरके, ३८४० बाय २१६०. क्यूएचडीवर इंचाला १०९ ठिपके. अनुस्वार गोल झाला. फोरकेवर १६३, अनुस्वार छापल्यासारखा. पण फोरकेबाबत एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत. त्यावर अक्षरं इतकी बारीक येतात की विंडोजमध्ये ती दीडपट मोठी करून घ्यावी लागतात. तशी केली की पानावर मजकूर मावतो क्यूएचडीएवढाच. जास्तीचे पैसे आपण जागेसाठी देत नाही, अक्षराच्या धारेसाठी देतो. मला ते परवडण्याच्या काठावर होतं. मी क्यूएचडी घेतला. आज घ्यायचा असता तर चार महिने थांबून फोरके घेतला असता. मॅक वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. २०१८ पासून मॅकच्या प्रणालीने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत सोडली, त्यामुळे मधल्या घनतेच्या पडद्यांवर मजकूर तिथे जरा पुसट वाटतो.

घरातला टीव्हीच जोडू का, हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारला आहे. आपल्याकडचे बरेचसे ३२ इंची टीव्ही एचडी रेडी असतात, आडवे १३६६ ठिपके. इंचाला ४९. लांबून मालिका बघायला उत्तम. त्यावर हिशेब लिहू नका.

वक्र पडदे, रुंद पडदे यांचं थोडक्यात. ३४ इंची रुंद पडदा ऐकायला प्रचंड वाटतो, पण त्याची उंची २७ इंचीएवढीच असते. रुंदी मात्र ८० सेंटिमीटर. तीन फुटी टेबल तो एकटाच खातो. लांब टाइमलाइन घेऊन व्हिडिओ जुळवणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग. दोन २४ इंची शेजारी मांडले तर रुंदी मीटरभराच्या वर जाते आणि दोघांमधली काळी कड नेमकी नाकासमोर येते.

आता टेबलाच्या नीटनेटकेपणाकडे येते. समोरून तुम्ही कितीही आवरा, पसारा असतो मागे: मॉनिटरची वायर, त्याचा वेगळा अडॅप्टर, लॅपटॉपचा चार्जर, त्या सगळ्यांना पोसणारा एक्स्टेंशन बोर्ड. यावर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे टाइप-सी असलेला मॉनिटर. एकच वायर लॅपटॉपला जोडली की चित्रही जातं आणि लॅपटॉप चार्जही होतो. पण दोन गोष्टी बघा. लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी भोक चित्र पाठवतंच असं नाही, ते लॅपटॉपच्या माहितीत तपासा. आणि मॉनिटर किती वॉट देतो ते वाचा. ६५ वॉट साध्या लॅपटॉपला पुरतात, दणकट लॅपटॉपला नाही. एचडीएमआय वापरणार असाल आणि फोरके घेतला असेल, तर जुन्या १.४ जोडणीवर पडदा सेकंदाला फक्त ३० वेळा बदलतो. माउस ओढल्यासारखा वाटतो आणि आपण बिचाऱ्या माउसला शिव्या देतो. २.० असेल तर ६० मिळतात.

स्टँड काढून मॉनिटर हातावर, म्हणजे आर्मवर बसवला, तर टेबलावरची ती वीतभर जागा मोकळी होते. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं हवीत, चौकोनात, १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटर. काही स्वस्त मॉनिटरना ती नसतातच. मी आर्म घेतला आणि पुन्हा फसले, अर्धीमुर्धी. आर्म टेबलाच्या मागच्या कडेला पकडीने आवळतात. माझ्या टेबलाखाली मागच्या बाजूला सुताराने प्लायची आडवी पट्टी मारली होती, पकड आत शिरेना. शिवाय आर्मचं कोपर दुमडलं की ते मागे जातं आणि मागे असते भिंत. शेवटी पट्टी कापली आणि टेबल चार बोटं पुढे ओढलं. भुशाच्या बोर्डचं टेबल असेल तर पकडीखाली लोखंडी पट्टी घाला, नाहीतर कड चुरते. काचेच्या टेबलाला पकड लावण्याचा विचारही नको.

उंचीचं सांगायचं तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली, कारण जवळचं दिसायची काच खालच्या भागात असते आणि उंच पडदा वाचायला आपण हनुवटी वर करून बसतो. मानदुखीचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. खिडकी पाठीमागे असेल तर ती पडद्यात दिसते, समोर असेल तर डोळे दिपतात. बाजूला असू द्या.

मॉनिटर घरी आला की पहिल्याच दिवशी एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा पडदा लावून बघा. पांढऱ्यावर काळं टिंब दिसलं किंवा काळ्यावर चमकतं, तर त्याच दिवशी कळवा. एक-दोन टिंबं बदलीच्या नियमात बसत नाहीत असंही ऐकावं लागेल, म्हणून घेतानाच विचारून ठेवा. खोकं मुदत संपेपर्यंत फेकू नका.

माझा तो ६० बाय ३४ चा पुठ्ठा अजून आहे. आधी वरच्या मजल्यावरच्या काकू घेऊन गेल्या, जावई घरून काम करतो म्हणून. त्यांनी त्यावर पेनने ‘२७’ लिहिलं. मग तो बी विंगमध्ये गेला. सध्या नक्की कुणाकडे आहे ते मला माहीत नाही, पण परवा लिफ्टमध्ये एक कॉलेजची मुलगी भेटली, म्हणाली, मावशी, २४ चा पण कापून द्याल का? तिला मी पेपर दिला.

नमस्कार.