हा कण आला कुठून?

हवा किती वाईट आहे हे सांगणारी यंत्रं आता पुष्कळ झाली आहेत. आकडा फोनवर दिसतो, सोबत रंगही दिसतो. पण हवा सुधारण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचं काम या आकड्याने भागत नाही. दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण आहेत हे कळलं, तरी नोटीस कुणाला द्यायची आणि पैसा कुठे घालायचा? त्यासाठी कण कुठून आले ते शोधावं लागतं.

हा माग दोन बाजूंनी काढता येतो. एक, स्रोतापासून हवेकडे. गाड्या किती धावतात, कोळसा किती जळतो, भट्ट्या किती आहेत याची मोजदाद करायची, प्रत्येकाला उत्सर्जनाचा दर लावायचा आणि वारा-तापमानाच्या मॉडेलमध्ये ते सगळं घालायचं. काम कष्टाचं आहे आणि टाळता येत नाही. मात्र रात्री गुपचूप पेटवलेला कचरा यादीत नसेल, तर तो मॉडेलमध्येही नसतो.

दुसरी बाजू हवेपासून स्रोताकडे जाते. पंप ठरावीक वेगाने हवा ओढतो, २.५ मायक्रोमीटरहून मोठे कण वाटेतच गाळले जातात आणि बारीक कण एका छोट्या गोल फिल्टरवर बसतात. चोवीस तासांत पांढरा फिल्टर करडा होतो. टेफ्लॉनच्या फिल्टरवर वजन आणि धातू मोजतात. कार्बनसाठी क्वार्ट्झचा फिल्टर लागतो, कारण कार्बन मोजताना तो भट्टीत तापवावा लागतो आणि टेफ्लॉन ते सोसत नाही.

त्या करड्या थरात खुणा असतात. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम एकत्र दिसले की माती-धुळीकडे बोट जातं. तांबं, बेरियम आणि अँटिमनी ब्रेक घासल्याने येतात. लाकूड, पालापाचोळा, पिकांचे अवशेष जळले की सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाची शर्करा तयार होते. डिझेलच्या धुरात ती नसते. आणखी एक सुंदर कसोटी आहे. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार काळाबरोबर हळूहळू विरत जातो. कोळसा आणि खनिज तेल इतकं जुनं आहे की त्यात तो उरलेलाच नाही. म्हणून फिल्टरवरच्या कार्बनमध्ये तो किती आहे हे पाहिलं, की खनिज इंधनाचा कार्बन किती आणि अलीकडच्या वनस्पतींचा किती हे वेगळं काढता येतं.

पुष्कळ फिल्टरांची अशी माहिती जमली, की कोणते घटक एकत्र वाढतात आणि एकत्र घटतात हे गणिताने पाहतात. पाटेरो आणि टॅपर या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत आज यासाठी सर्रास वापरतात. पण एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गणित फक्त गट देतं. त्या गटाला ‘वाहनं’ किंवा ‘कचरा जाळणं’ हे नाव माणूस देतो. चुलीचा धूर आणि शेतातल्या आगीचा धूर रसायनाने जवळपास सारखाच दिसतो. तिथे ऋतू, वाऱ्याची दिशा, दिवसाची वेळ पाहिल्याशिवाय नाव देणं हा अन्याय आहे, कारण त्या नावावर कुणाची तरी रोजीरोटी अवलंबून असते.

सगळ्यात अवघड भाग दुय्यम कणांचा. ते कुठल्याही धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडत नाहीत. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड, इंजिनांतले नायट्रोजन ऑक्साइड आणि खतं-शेणमुतातून सुटणारा अमोनिया हे वायू हवेत एकमेकांना भेटतात, आणि अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट तयार होतं. बऱ्याच ठिकाणी सूक्ष्म कणांचा मोठा वाटा यांचाच असतो. अहवालात स्रोतांचे वाटे दाखवणाऱ्या वर्तुळात ‘दुय्यम’ असा जाडजूड तुकडा दिसतो आणि तो कुणाच्याच खात्यावर पडत नाही. प्रत्येक खातं आपला तुकडा बघून निश्चिंत होतं. हे मला फार घातक वाटतं. शिवाय इथे साधी वजाबाकी चालत नाही. सल्फर डायऑक्साइड कमी केला की अमोनिया मोकळा होतो आणि थंड, दमट हवेत तोच नायट्रेट वाढवतो. म्हणजे सल्फेट घटल्याचा फायदा काही अंशी खाल्ला जातो. त्यामुळे त्या तुकड्याचं मूळ मॉडेलने शोधून वीज, वाहतूक आणि शेती यांच्यात वाटून द्यायलाच हवं. हे वायू शेकडो किलोमीटर प्रवास करतात, तेव्हा शहराच्या हद्दीत थांबणाऱ्या योजनेने ते आवरत नाहीत.

आणि हा अभ्यास एकदा करून कपाटात ठेवता येत नाही. जहाजांचं जड तेल ओळखायला त्यातले व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू पाहत असत. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा जगभर ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली, इंधन बदललं, आणि बंदरांजवळच्या हवेतलं व्हॅनेडियम झपाट्याने घटलं. नियम लागू पडतोय याचा पुरावा फिल्टरवरच मिळाला. त्याच वेळी जहाज ओळखायची जुनी खूण कमजोर झाली. म्हणून उपाय केल्यावर त्याच जागी, त्याच ऋतूत पुन्हा नमुने घ्यायला हवेत, आणि प्रत्यक्ष गाड्यांचा, भट्ट्यांचा, चुलींचा धूरही नव्याने तपासायला हवा.