धुऱ्यावरचा निंब

फाल्गुन सरत आला आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उपटून झाल्यामुळे वर्धा जिल्ह्यातले हे वावर मोकळे पडले आहे. पहाटेच्या वादळात धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, जुन्या निंबाची वाळलेली फांदी मोडून खाली आली. फांदी आतून पोकळ होती आणि त्या ढोलीत तीन पिल्ले होती. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांतले एकच जिवंत होते.

तळहातावर दिसते आहे ते हेच पिल्लू. अंगठ्याएवढे, गुलाबी, डोळे मिटलेले आणि अंगावर एकही पीस नसलेले. या वयात बहुतेक पिल्ले सारखीच दिसतात, म्हणून आधी पाय पाहावे लागतात. चिमणी, मैना, बुलबुल यांच्या पायाची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. या पिल्लाची दोन पुढे आणि दोन मागे आहेत. अशी ठेवण पोपट, तांबट, सुतार, भारद्वाज आणि कोकीळ यांची असते. भारद्वाजाच्या पिल्लाची कातडी काळी असून तिच्यावर पांढरे, केसांसारखे तंतू असतात. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या उघड्या घरट्यात वाढते, ढोलीत नाही. तांबट आणि सुतार यांच्या लहान पिल्लांची चोच सरळ असते, खालची चोच वरचीपेक्षा लांब असते आणि टाचेवर खरखरीत गादी असते. इथे टाच गुळगुळीत आहे, तर चोच बुडाशी रुंद आणि टोकाशी खाली वळलेली आहे. हे पोपटाचे, म्हणजे आपल्या राघूचे पिल्लू आहे.

ओळख पटताच पहिला धोकाही कळतो, कारण सापडलेले राघूचे पिल्लू गावात सहसा पिंजऱ्यात जाते. पुष्कळांना तो लाड वाटतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार तो गुन्हा आहे.

पिल्लाचे अंग गार लागते आहे. पिसे नसलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही आणि गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, म्हणून भरवण्याआधी ऊब द्यायची. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवली आहे आणि तिच्या शेजारी सुती कापडाची चुंबळ करून त्यात पिल्लू बसवले आहे. हा कापसाचा मुलूख असल्याने हात आधी कापसाकडेच जातो, परंतु मोकळ्या कापसाचे तंतू पिल्लाच्या बोटांना गुंडाळतात आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकतात. दूध-पोळीही द्यायची नाही, कारण पक्ष्यांना दूध पचत नाही. आणि चोचीत पाणी सोडले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

टोपल्यापाशी बसलेल्या मावशी सांगतात, “हात नोको लावू बाप्पा, मंग माय टाकून देते त्याले.” ही समजूत गावोगाव आहे, पण ती खरी नाही. माणसाचा हात लागला एवढ्यावरून पक्षी पिल्लू टाकत नाहीत, आणि पुढचे सारे काम त्याच भरवशावर उभे आहे.

मोडलेल्या फांदीचा ढोलीचा भाग करवतीने जपून कापला. आतला लाकडाचा भुसा होता तसाच ठेवला, कारण गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय फाकतात. खालचे उघडे तोंड फळीने बंद करून तिला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके पाडली. दोघे जण शिडीवर चढले, तिसऱ्याने दोरीने ओंडका वर ओढला आणि शक्यतो पूर्वीच्याच उंचीवर, तोंड पूर्वीच्याच दिशेला येईल असा, सावलीच्या बाजूने तो खोडाला तारेने आवळला. तार सालीत रुतू नये म्हणून खाली गोणपाट घातले आहे. निंब जिवंत आहे, त्याचाही विचार करायलाच हवा. ऊब धरलेले पिल्लू सर्वांत शेवटी आत ठेवले. ते जखमी असते, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवून नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर या वन्यजीव उपचार केंद्राकडे पाठवावे लागले असते.

सगळे जण दूर, विहिरीच्या आडोशाला गेले. पाऊण तास झाडावर काहीच हालले नाही.

मग मादी आली. तिच्या गळ्यात कंठ नाही. तिने ओंडक्याभोवती दोन फेऱ्या घातल्या, तार चोचीत धरून पाहिली, ढोलीच्या तोंडाशी बसली आणि डोके आत घातले. काही वेळ हिरवी शेपटी तेवढी बाहेर दिसत राहिली, मग तीही आत गेली. वरच्या फांदीवर नर आहे. त्याच्या गळ्यातला काळा-गुलाबी कंठ इथूनही दिसतो.