पुढच्या तुकडीच्या हाती

श्रोतेहो, नमस्कार. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या स्वयंसेवी उपक्रमाचा विचार करताना आधी त्याच्या वेळापत्रकाकडे पाहावे लागते. 3 वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिले वर्ष काम समजून घेण्यात जाते, दुसऱ्या वर्षी हात बसतो आणि तिसऱ्या वर्षी नेतृत्व वाट्याला येते. तेव्हा परीक्षा आणि सुट्या वजा जाता नेत्याच्या हाती जेमतेम 7-8 महिने उरतात. ज्या मुलांना हे विद्यार्थी दर आठवड्याला शिकवायला जातात, ती मुले मात्र वर्षानुवर्षे तिथेच असतात, आणि दरवर्षी नवे ताई-दादा येऊन पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात, हे मुकाट्याने सोसतात.

म्हणूनच गटाची दीर्घकालीन योजना आजच्या नेत्याच्या हौसेपुरती नसावी. जो विद्यार्थी अजून गटात आलेलाही नाही, त्याला ती पेलेल का, हे पाहून ती आखावी, असे मला वाटते. कोणत्या संस्थेबरोबर काम करायचे, आठवड्याला किती तास खात्रीने द्यायचे आणि कोणते काम अंगावर घ्यायचे नाही, एवढे त्यात स्पष्ट असले तरी पुरे. यातली शेवटची गोष्ट सहसा कोणी लिहून ठेवत नाही. मग प्रत्येक नवा नेता आपली छाप उमटवण्यासाठी एखादा उपक्रम वाढवतो, आणि जुना बंद करण्याचे धाडस कोणालाच होत नाही.

नेतृत्वबदलाचा आपल्याकडचा मुहूर्त बहुधा निरोप समारंभाचा असतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. पुढच्या नेत्याची निवड वर्षाच्या मध्यावर, काम भरात असताना व्हावी आणि निदान 2 महिने दोघांनी बरोबरीने काम करावे. त्यातल्या दुसऱ्या महिन्यात बैठक नव्या नेत्याने चालवावी आणि जुन्याने गप्प बसावे. बोलक्या नेत्यांना हे किती जड जाते, ते सांगायला नको. निवडीसाठी मतदान घेण्यास हरकत नाही, परंतु भाषणे गाजवणाऱ्यापेक्षा पावसातही ठरल्या वेळी हजर राहणारा उमेदवार अधिक विश्वासाचा, हे मतदारांनी ध्यानात ठेवावे.

हिशेबाची वही, बँकेतील सह्यांचे अधिकार आणि पासवर्ड यांची यादी करून ती सोपवता येते. नात्यांची यादी करता येत नाही. ज्या संस्थेत काम चालते तेथील व्यवस्थापक एका ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवून दार उघडत असतात. तो आवाज बदलणार असेल, तर जुन्या आणि नव्या नेत्याने एकत्र जाऊन त्यांना भेटणे आवश्यक आहे. तसेच, फसलेले प्रयोग का फसले हे कारणांसह लिहून ठेवावे, कारण अहवालात यशच तेवढे नोंदले जाते आणि पुढची तुकडी त्याच खड्ड्यात पुन्हा पाय घालते.

राहिला प्रश्न पायउतार झालेल्या नेत्याचा. पहिल्या सत्रात विचारले तर सांगावे, न विचारता सांगू नये, आणि गटाच्या व्हॉट्सॲप समूहातून वेळेवर बाहेर पडावे.