डर्ट बाईकचा सिलिंडर बोअरिंगला देताय? आधी हे बघा

नमस्कार मंडळी, हा बघा सिलिंडर, थांबा जरा कॅमेऱ्याजवळ आणतो. एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकाच्या, वर ह्या रेघा दिसतायत ना, नख अडकतं इथे. १२५ सीसी टू-स्ट्रोक, ५४ एमएम बोअर, म्हणजे आतला व्यास. ह्यातलं अर्धं नुकसान गाडीनं केलं आणि अर्धं मी पैसे देऊन करून घेतलं 😅

झालं असं, वडोदऱ्याजवळ सिंधरोटला मही नदीच्या कोतरात, म्हणजे घळीत, चढावर गाडी सीज झाली, पिस्टन सिलिंडरात चिकटून इंजिन जाम. सिलिंडर काढला आणि वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एका बोअरिंगवाल्याकडे नेला, भाई म्हणाले "थई जशे साहेब" (होऊन जाईल), आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण बाबांच्या आरएक्स १०० चं असंच व्हायचं, सिलिंडर आतून कापून ०.२५ एमएम मोठा बोअर करा, तेवढाच मोठा, ओव्हरसाईज पिस्टन टाका, विषय संपला.

पण आरएक्सला बिडाचा जाड लाईनर, म्हणजे आत बसवलेली नळी, असतो हो! ह्याला लाईनरच नाही. नुसतं ॲल्युमिनियम, आणि आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाईडचा पातळ थर, निकासिल म्हणतात त्याला, जर्मनीच्या माले कंपनीनं १९६७ मध्ये आणलेलं. हा थर साधारण ०.०७ ते ०.१ एमएम. आता हिशोब करा, ०.२५ ओव्हरसाईज म्हणजे प्रत्येक बाजूनं ०.१२५ कापलं. थर गेला की सगळा! खाली राहिलं मऊ ॲल्युमिनियम, त्यावर ॲल्युमिनियमचाच पिस्टन, अर्ध्या तासात परत चिकटला.

तुमचा कुठला आहे हे ओळखायचं तर सिलिंडर उलटा करून खालची कड बघा, लाईनर असेल तर दोन धातूंमधली गोल रेघ स्पष्ट दिसते. चुंबकही लावून बघा, बिडाला कचकन चिकटतं. निकेलकडेही ते थोडं ओढलं जातं, त्यामुळे एकट्या चुंबकावर जाऊ नका.

आणि ज्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं ते हे. सीज झाल्यावर दिसणाऱ्या रेघा बऱ्याचदा सिलिंडरच्या नसतातच, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून प्लेटिंगवर, म्हणजे त्या थरावर, फासलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक ऍसिड कापसाच्या काडीवर घेऊन फक्त त्या डागावर लावायचं, फसफसलं की ॲल्युमिनियम निघतंय, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. हातमोजे, चष्मा, आणि गच्चीवर करा, घरात नको. प्लेटिंग जिथे उखडलंय तिथे मात्र थेंबही नको, ऍसिड सिलिंडरच खाईल. खाली थर शाबूत निघाला तर बोअर गेजनं (आतला व्यास मोजायचं साधन) वर, मधे, खाली, दोन्ही दिशांनी माप घ्या, लिमिटमध्ये असेल तर नवा पिस्टन टाकून गाडी चालू. माझं पहिल्या वेळी कदाचित एवढ्यावरच भागलं असतं.

आता हा रीप्लेटिंगला, म्हणजे तो थर परत चढवून घ्यायला, चाललाय. ते लोक उरलासुरला जुना थर काढतात, खोल खड्डा असेल तर टिग वेल्डिंगनं भरतात, बोअर सरळ करतात, मग जाड प्लेटिंग चढवून डायमंड होननं, म्हणजे हिऱ्याच्या घासायच्या दगडानं, मापात आणतात, कारण साधा दगड ह्यावर नुसता घसरतो. सोबत नवा पिस्टन पाठवायचाच, त्याच्या मापानं होनिंग होतं. आणि पोर्टच्या कडा घासून बोथट करून द्या असं चिठ्ठीवर लिहा, धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते. परत आला की गरम पाणी आणि साबणानं घासा, पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.

अरे हो, सीज का झाली ते राहिलंच. इंजिन सगळीकडून बंद करून ६ पीएसआय हवा भरली, साबणाचं पाणी मारलं, आणि मॅग्नेटोच्या बाजूच्या क्रँक सीलपाशी, हे बघा, बुडबुडे. तिथून जास्तीची हवा आत जात होती, मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, म्हणून तापून चिकटली. नवं सील उद्या येतंय, सिलिंडरला वेळ लागेल, तोवर कार्ब्युरेटर उघडतो.