आधी बारसं, मग कात्री

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या दुकानात एक काकू आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह. २०१७ च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग मी केलं होतं. काका आदल्या कार्तिकात गेले. काकू म्हणाल्या, "बाळा, पाठवणीच्या वेळी ह्यांनी अभंग म्हटला होता. मांडवातल्या सगळ्यांनी ऐकला. पण कॅसेटमध्ये तिथं दुसरंच गाणं वाजतंय. ह्यांचा आवाज कुठं गेला?"

आवाज मीच बंद केला होता. पाठवणी आली की मूळ आवाज काढायचा आणि वर गाणं टाकायचं, अशी तेव्हा पद्धतच होती. पण मूळ फूटेज माझ्याकडे होतं, प्रोजेक्टही होता. मी काकूंना म्हटलं, "मिळेल, काकू. दोन दिवस द्या." त्या गेल्या आणि मी जुनी हार्ड डिस्क लावली. समोर नावं आली ती अशी: नवीन, नवीन १, नवीन ३, लग्न फायनल, लग्न फायनल २, खरं फायनल. असे ४१ प्रोजेक्ट. त्यातलं काकूंच्या मुलीचं लग्न कुठलं, हे एकाही नावावरून कळत नव्हतं.

आज हाच विषय घेऊन आलोय. व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये प्रोजेक्टला नाव कसं द्यावं, ते बदलावं कसं, आणि बदलताना काय सांभाळावं. हल्ली घराघरात फोनवर एडिटिंग चालतं. शाळेचं स्नेहसंमेलन, गावची जत्रा, बाळाचं जावळ, सगळं कापून-जोडून ठेवलं जातं. म्हणून हे फक्त आमच्या धंद्यातल्यांसाठी नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतो. म्हणजे किराणा तिथं नसतो; कुठला जिन्नस कुठल्या डब्यात आहे, त्याची चिठ्ठी तिथं असते. कुठल्या फोल्डरमधली कुठली क्लिप, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत घ्यायची, एवढंच प्रोजेक्ट लक्षात ठेवतो. म्हणून ॲपच्या आत तुम्ही क्लिपला काहीही नाव दिलंत तरी डिस्कवरच्या मूळ फाइलला धक्का लागत नाही. उलट बाजूनं मात्र धोका आहे. ॲपच्या बाहेर जाऊन, फोल्डर उघडून, मूळ फाइलचं नाव बदललंत किंवा ती दुसरीकडे हलवलीत, की चिठ्ठीवरचा पत्ता चुकला. प्रीमिअर प्रो वापरणाऱ्यांनी ती लाल पाटी पाहिलीच असेल: मीडिया ऑफलाइन, म्हणजे मूळ फाइल सापडत नाही.

माझं नेमकं हेच झालं होतं. २०१९ मध्ये नवी हार्ड डिस्क घेतली आणि एका रविवारी मोठ्या हौसेनं आवराआवर केली. 'नवीन फोल्डर ३' सारखी नावं काढून चांगली नावं दिली, दोन-दोन फोल्डर एकात घातले. डबे हलवले, चिठ्ठ्या तशाच राहिल्या. आता चार वर्षांनी प्रोजेक्ट उघडले तर टाइमलाइनभर, म्हणजे क्लिप ओळीनं मांडतो त्या पट्टीभर, लाल पाट्या.

पुन्हा जोडता येतं, ते मी केलं. ॲप विचारतं, फाइल कुठे आहे? आपण फोल्डर दाखवायचं, ते नाव जुळवून जोडून घेतं. पण दोन्ही कॅमेऱ्यांमधल्या फाइलची नावं होती सी शून्य शून्य शून्य एक, सी शून्य शून्य शून्य दोन... कार्ड पुसून नव्यानं घातलं की पुन्हा एकपासून सुरू. माझ्या डिस्कवर त्या एकाच नावाच्या पंधरा-वीस फाइल होत्या. ॲपनं नाव जुळलं म्हणून जोडलं, आणि काकूंच्या अंगणातल्या पाठवणीच्या जागी भलत्याच घरचं डोहाळजेवण सुरू झालं. पाटावर बसलेली, हिरवी साडी नेसलेली कुणी अनोळखी मुलगी. ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

फोटोच्या बाबतीतही असंच होतं. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी १९९८ मध्ये ठरलेल्या नियमानुसार नावात चार अक्षरं आणि चार आकडे. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. म्हणजे कॅमेऱ्यानं दिलेलं नाव पुन्हा येणारच. म्हणून माझं ठाम मत आहे की मूळ फाइलची नावं बदलायचीच असतील तर कार्डावरून डिस्कवर घेतल्याबरोबर, प्रोजेक्ट उघडण्याआधी. एकदा पहिला कट मारला की मूळ फाइलला हात लावायचा नाही.

प्रोजेक्टचं नावही त्याच वेळी. बारसं आधी, कात्री नंतर. ॲप आपल्याला घाई करायला लावतं. आयमूव्ही 'माय मूव्ही १' असं नाव स्वतःच देऊन टाकतं; काही ॲप नुसती तारीख टाकतात. फोनवरच्या बहुतेक ॲपमध्ये प्रोजेक्टच्या चौकोनाजवळ तीन ठिपके असतात, ते दाबलं की नाव बदलायची सोय मिळते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट त्याच्या स्वतःच्या लायब्ररीत राहतात, तिथं प्रोजेक्ट मॅनेजरमध्येच नाव बदलायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता नाव कसं असावं? मी आधी तारीख लिहितो, तीही वर्षापासून: २०१७, मग १२, मग दिवस. असं लिहिलं की नावांच्या क्रमानं लावल्यावर कामं आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. मध्ये तिरपी रेघ नको, आडवी द्या. विंडोजला फाइलच्या नावात तिरपी रेघ, अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह चालत नाही. तारखेनंतर दोन्ही घरांची आडनावं. हे मी अनुभवानं शिकलो. सहा वर्षांनी फोन मुलाकडून येईल की मुलीच्या माहेराहून, हे आज कुणाला ठाऊक? फक्त नवऱ्याकडचं आडनाव लिहिलं, तर माहेरची माणसं आली की आपण अडकलो. आडनावांनंतर गाव. आमच्या भागात एका मोसमात पाटलांची पाच लग्नं असतात, नुसतं 'पाटील' लिहून भागत नाही.

नाव देवनागरीत लिहावं का? जरूर लिहावं. रोमन लिपीत एकच आडनाव चार जण चार तऱ्हेनं लिहितात आणि शोधताना सापडत नाही. सगळ्या लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोड पद्धतीमुळे आता सहसा अडचण येत नाही. फक्त फार लांबवू नका. लिनक्सवर फाइलचं नाव साधारणपणे २५५ बाइटपर्यंत चालतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. तेवढी पुष्कळ झाली.

'फायनल' हा शब्द मी प्रोजेक्टच्या नावातून काढूनच टाकला. पार्टी बघते आणि म्हणते, मामांचा आहेर राहिला की. मग फायनल २. त्याऐवजी ०१, ०२, ०३. शून्य लावायचंच, नाहीतर कित्येक ठिकाणी १० हा २ च्या आधी जाऊन बसतो.

प्रोजेक्टच्या आतही घर लावावं लागतं. प्रीमिअरमध्ये आतल्या कप्प्याला बिन म्हणतात. हा शब्द फिल्मच्या काळातला. एडिटिंग टेबलाशेजारी कापडी अस्तराची पेटी असे, वर आडव्या पट्टीला खिळे, आणि कापलेल्या फिल्मचा एकेक तुकडा त्या खिळ्याला लटकवलेला. कुठल्या खिळ्याला काय, हे सहायकाला ठाऊक असावं लागे, नाहीतर शॉट हरवला. आपले बिन कॅमेऱ्याप्रमाणे न करता प्रसंगाप्रमाणे करा. त्यातही आकडा लावा, कारण वर्णानुक्रमानं लावलं तर आधी लग्न, मग वरात, मग साखरपुडा, सीमांतपूजन आणि सगळ्यात शेवटी हळद! ०१ साखरपुडा, ०२ हळद, असं लिहिलं की सगळं रांगेत.

फोनवाल्यांना एक कळकळीचं सांगणं. बऱ्याच ॲपमध्ये प्रोजेक्ट ॲपच्या पोटातच असतात. ॲप काढून टाकलं की तेही जातात. आणि फोन भरला म्हणून गॅलरीतली मूळ क्लिप पुसली, तर प्रोजेक्टमध्ये ती जागा रिकामी पडू शकते. पुसण्याआधी प्रोजेक्टची प्रत बाहेर काढता येते का ते बघा. काइनमास्टरमध्ये येते.

काकूंची क्लिप मला दुसऱ्या रात्री सापडली. नावाचा उपयोग नव्हता, म्हणून तारखेवर गेलो. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली तर 'तयार झाल्याची' तारीख बदलते, पण 'बदल केल्याची' तारीख मूळचीच राहते. २०१७ चा डिसेंबर, लग्नाचा दिवस, दुपारी चारनंतरच्या क्लिप, असं गाळत गेलो. अकरावी क्लिप उघडली. आधी नुसता गलका, कुणीतरी गाडी मागे घ्यायला सांगतंय. मग हळूहळू सगळे गप्प झाले आणि काकांचा आवाज आला. टाळ नाही, पखवाज नाही. ३८ सेकंद. शेवटची ओळ त्यांना पुरी करता आली नव्हती.

सकाळी काकू आल्या. हेडफोन लावून त्यांनी तीनदा ऐकलं. मी त्यांच्या शेजारीच बसून त्या फोल्डरला नाव देत होतो. २०१७, १२, दोन्ही आडनावं, गाव. काकूंनी डोळे पुसले, स्क्रीनकडे वाकून नाव वाचलं आणि म्हणाल्या, "वरच्या आळीतले, असं पण लिही बाळा. खालच्या आळीतले पाटील वेगळे."

मी लिहिलं.